उन्हाळ्यात गाडीपाशी काच भरताना चिप का बिघडते? खान्देशातल्या उन्हासाठी सावलीचा हिशोब

खडा लागून गाडीच्या समोरच्या काचेला छोटी फूट पडते, तिला चिप म्हणतात. ती भरणाऱ्यांकडून एप्रिल लागला की तीच तक्रार परत परत कानावर येते. ब्रिज (काचेवर इंजेक्टर धरून ठेवणारी चौकट) लावला, रेझिन (फुटीत भरायचा पारदर्शक द्रव) सोडलं, ते घट्ट करणारा अतिनील दिवा धरला, सगळं रीतसर केलं, तरी स्टारचे, म्हणजे ताऱ्यासारख्या फुटीचे, एक-दोन पाय पांढरेच राहिले. किंवा इंजेक्टरचा, म्हणजे रेझिन दाबाने आत ढकलणाऱ्या नळीचा, स्क्रू जरासा आवळला आणि तडा डोळ्यांदेखत बोटभर पुढे सरकला. किंवा काम सुरेख झालं, गाडी गेली, आणि दोन दिवसांनी गाडीवाल्याचा फोन आला, "दादा, ती रेघ वाढली ना." हिवाळ्यात हाच माणूस याच किटने अशी चिप भरतो की नंतर ती बोटाने चाचपून शोधावी लागते. मग आधी रेझिनची बाटली बदलली जाते, मग दिवा, मग अख्खं किट. दोष बहुतेक वेळा यातल्या कशातच नसतो. काच तापलेली असते, एवढंच.

जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात मी गाडीपाशी जाऊन काच भरतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरत, नाशिक, पुण्याहून गाड्या गावाकडे येतात. वाटेत गिट्टीच्या डंपरमागे खडा लागलेला असतो आणि प्रत्येकाला परत निघायच्या आत काम हवं असतं, तेही भर दुपारी, घराच्या दारात. म्हणून या हंगामातलं काम नीट व्हायचं असेल तर सावलीकडे हत्यारासारखं बघावं लागतं. माझं म्हणणं थोडक्यात असं: सावली कामाच्या आधीपासून हवी, काचेच्या बाहेरून हवी आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हवी. शिवाय हवाच ४२ अंशांवर असेल तर कितीही चांगली सावली पुरत नाही, कारण सावलीतली काच हवेपेक्षा गार होत नाही.

आधी काच मोजा

इन्फ्रारेड थर्मामीटर किटमध्ये असलाच पाहिजे. कोविडच्या काळात कपाळावर धरायची जी बंदूक घरोघरी आली ती इथे चालत नाही, ती अंगाच्या तापापुरतीच मोजते. वर्कशॉपला मिळते ती घ्या. चिपपासून वीतभर लांब मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि बंदूक सरळ समोरून टेपवर धरा. तिरकी धरली तर काचेत पडलेलं आभाळाचं प्रतिबिंब मोजलं जातं आणि आकडा खोटाच कमी येतो. एकाच जागी मोजून थांबू नका. काचेचा मध्य, चारही कोपरे आणि खालची वायपरजवळची पट्टी, सगळीकडे बघा. या आकड्यांमधला फरक एकट्या आकड्याहून महत्त्वाचा असतो.

उन्हात उभ्या गाडीची समोरची काच मे महिन्यात सहज साठीच्या घरात जाते. काळा डॅशबोर्ड त्याच्याही पुढे जातो आणि खालून काचेला शेक देत राहतो. रेझिनच्या सोबत आलेला कागद वाचा. काचेचं तापमान किती हवं ते त्यावर दिलेलं असतं. चाळिशीच्या वर मी इंजेक्टर लावत नाही.

तापलेल्या काचेत नेमकं काय बिघडतं

समोरची काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये प्लास्टिकचा, म्हणजे पीव्हीबीचा, पातळ पापुद्रा. खडा लागला की साधारणपणे बाहेरची काचच फुटते. आपण त्या फुटीतली हवा ओढून काढतो, तिथे रेझिन भरतो आणि अतिनील प्रकाशात ते घट्ट करतो.

काच तापली की रेझिन जास्त पातळ होतं. पातळ झालं तर आत छान शिरेल असं वाटतं, पण ते इंजेक्टरच्या रबराखालून झिरपून बाहेर येतं, दाब टिकत नाही आणि बुडबुडे राहतात. दुसरी अडचण फुटीची. काच फुगलेली असते, त्यामुळे स्टारचे बारीक पाय घट्ट मिटलेले असतात. आतून छोटा आरसा धरून बघा. रिकामा पाय काळसर चमकतो. रेझिन शिरत जातं तशी ती चमक मधल्या खड्ड्यापासून टोकाकडे विझत जाते. तापलेल्या काचेत ती मध्येच अडते, आणि दाब कितीही वाढवला तरी टोकाचा चार-पाच मिलिमीटरचा तुकडा चमकतच राहतो.

तिसरी अडचण उन्हाची. सूर्यप्रकाशात अतिनील किरण असतातच. दिवा लावायच्या आधीच ऊन रेझिन घट्ट करायला लागतं, आणि तेही तोंडाशी आधी. तोंड बंद झालं की मागचं भरायची वाट संपली. उघड्या आभाळाखालच्या सावलीतही हे होतं, कारण अतिनील किरण सगळ्या आभाळातून विखरून येतात. "सावलीत तर होती गाडी," असं सांगणाऱ्याचं काम म्हणूनच फसलेलं असतं. गाडीवर सावली असली तरी इंजेक्टरभोवती वेगळं अपारदर्शक आच्छादन लागतंच. जाड काळं कापड किंवा पुठ्ठ्याचं खोकं आडवं कापून चालतं. आरशात बघण्यापुरतं उचलायचं, परत ठेवायचं.

अर्धी सावली उन्हापेक्षा वाईट

गाडी कडुनिंबाखाली घेतली म्हणजे झालं, असं फार जणांना वाटतं. निंबाची सावली चट्ट्यापट्ट्यांची असते आणि ती सरकते. काचेचा एक भाग उन्हात साठ अंशांवर, त्याला लागून दुसरा सावलीत पंचेचाळिसावर. काच एक मीटर लांब धरली आणि ३० अंशांनी तापली तर ती पाव मिलिमीटरहून थोडी जास्त वाढते. एकाच काचेचा निम्मा भाग वाढायला बघतो आणि निम्मा जागीच राहतो, तेव्हा गार भागावर ओढ बसते. तडा गार बाजूला असेल तर त्याच ओढीने तो उघडतो. ऊन-सावलीची रेघ चिपच्या अंगावरून जात असेल तर इंजेक्टर न लावताही तडा पळू शकतो. इंजेक्टरचा दाब पडला की पळणारच.

त्यात निंबाखाली अजून दोन गोष्टी असतात. चैत्रात मोहोराची भुकटी झडते, मे संपता संपता निंबोळ्या टपटपतात. उघड्या फुटीत त्यातलं काही गेलं की मग रेझिन काय करणार? झाड वापरायचंच तर झाडाखाली वर ताडपत्रीही बांधा.

भिंतीच्या सावलीचंही तसंच. जळगाव, धुळे साधारण २१ अक्षांशावर आहेत, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. आपल्याकडे तो माथ्यावर येतो बारा वाजता नव्हे, सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान. त्या वेळी भिंतीला सावलीच नसते. अकराला भिंतीकडेला लावलेली गाडी काम अर्ध्यावर असताना उन्हात आलेली असते.

चकाकत्या पडद्याबद्दल

डॅशबोर्डवर उभा करायचा चांदीसारखा पडदा सगळ्यांकडे असतो, आणि गाडीवाला मोठ्या आपुलकीने सांगतो की तुम्ही येणार म्हणून सकाळपासून लावून ठेवलाय. सीट आणि स्टिअरिंगसाठी तो पडदा चांगला. काचेसाठी उलटा. ऊन काचेतून आत येतं, पडद्यावर आपटतं आणि परत काचेतूनच बाहेर जातं, म्हणजे काच तेच ऊन दोनदा शोषते. वर काच आणि पडदा यांच्यामध्ये तापलेली हवा कोंडते. म्हणून फोनवरच सांगायचं: "भाऊ, आतला पडदा काढा. काचेवर बाहेरून जुनी चादर टाका, पांढरी असेल तर उत्तम, आणि सगळ्या खिडक्या दोन-दोन बोटं खाली ठेवा." डॅशबोर्डवर फिक्या रंगाचा टॉवेल अंथरला तर आणखी बरं. पण चिपवर चादर घासू नये म्हणून आधी तिच्यावर पारदर्शक टेप लावायची. ही टेप खडा लागल्या लागल्या लागली पाहिजे. धूळ आणि पाणी आत गेलेली फूट उन्हाळा असो की हिवाळा, नीट भरत नाही. पंपावर कोणी ओल्या फडक्याने काच पुसायला आलं तर त्याला प्रेमाने थांबवा.

सावली बांधायची कशी

कृषी केंद्रात मिळणारं हिरवं शेडनेट आपल्याकडे गावोगाव आहे, स्वस्त आहे आणि वाऱ्यात ताडपत्रीसारखं फुगत नाही. पन्नास टक्के ऊन अडवणारं घेऊ नका, ते रोपांसाठी ठीक. पंचाहत्तर किंवा नव्वद टक्क्यांचं घ्या आणि दुहेरी करा. चार बांबू किंवा पाइप, त्यावर शेडनेट, आणि त्याच्या खाली वीतभर अंतर सोडून फिक्या रंगाची ताडपत्री. हे अंतर विसरू नका. एकेरी ताडपत्री, त्यातही काळी किंवा गडद निळी, स्वतः इतकी तापते की खालच्या काचेला धग देते. दोन थर असले की वरचा ऊन खातो, मधून हवा वाहते आणि खालचा बऱ्यापैकी गार राहतो. बाजू उघड्या ठेवा. चारही बाजूंनी कनातीसारखं बंद केलं तर आत भट्टी होते आणि तुम्हीही टिकत नाही.

छत काचेहून मोठं हवं. बॉनेटवर हातभर आणि टपावर हातभर पुढे गेलेलं, कारण सूर्य हलतो आणि काचेवर उन्हाची कड येऊ द्यायची नाही. फळगाड्यांवरची मोठी छत्री एकटी पुरत नाही, ती मध्यावर सावली देते आणि कोपरे उघडे सोडते. मेच्या दुपारी झळ्यांचा वारा असतो, अधूनमधून वावटळ उठते. प्रत्येक पायाला पाण्याने भरलेला वीस लिटरचा जार बांधा. बांबू काचेवर आला तर चिपचा प्रश्नच संपतो, अख्खी काच जाते.

बांधलेल्या सावलीपेक्षा तयार सावली मिळाली तर ती घ्या. महामार्गावरच्या उड्डाणपुलाखाली रस्त्यापासून आत, सुरक्षित जागा असेल तर त्याहून चांगलं काही नाही: पूर्ण सावली, वर जाड काँक्रीट, खालून वारा. हंगाम संपलेल्या कापसाच्या जिनिंगच्या उंच शेडमध्ये मालक ओळखीचा असेल तर विचारा. घरासमोरचं कमी उंचीचं पत्र्याचं शेड मात्र फसवं. पत्रा तापतो आणि त्याची धग थेट काचेवर उतरते. तिथे पत्र्याच्या खाली शेडनेट ताणल्याशिवाय काम घेऊ नका.

गाडीचं तोंड

ही फुकटची सावली आहे आणि फार कमी लोक वापरतात. सकाळी गाडीचं तोंड पश्चिमेला करा. सूर्य गाडीच्या मागे आणि क्षितिजाजवळ असतो, गाडीचीच सावली समोरच्या काचेवर पडते. कारची काच तिरकी असल्याने साडेसात-आठपर्यंत हे चालतं, त्यानंतर सूर्य टपावरून डोकावतो. मागच्या काचेतून थोडं ऊन आत येऊन समोरच्या काचेला आतून लागतं, तिथे मागे एक चादर टाकली की झालं. ट्रक, टेम्पो, जुन्या बस यांची काच जवळजवळ उभी असते. तिच्यावर भर दुपारीही थेट ऊन कमीच पडतं, आणि कामगार म्हणून आपल्याला ते सोयीचं. हवेची उष्णता तेवढी उरते.

कोणत्या वेळेला काम घ्यायचं

पहाटे हवा सत्तावीस-अठ्ठावीस अंशांपर्यंत उतरते. रात्रभर उघड्यावर असलेली काच तेवढीच गार असते, आणि मुख्य म्हणजे सगळीकडे सारखी गार असते. सहा ते साडेआठ ही खान्देशातल्या मे महिन्याची खरी वेळ. आठनंतर सावली बांधूनच काम, अकरानंतर फक्त उड्डाणपूल किंवा उंच शेड, आणि बारा ते पाच चिप भरायची नाही. टेप लावून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ द्यायची. सूर्य मावळल्यावर काम घेता येतं, पण सात वाजताही हवा अडतीसच्या आसपास असते आणि डांबर, फरशी, भिंत सगळं धग सोडत असतं. संध्याकाळपेक्षा सकाळ केव्हाही चांगली.

"पण आम्ही आज दुपारीच सुरतेला निघतोय," हे हमखास ऐकायला मिळतं. त्या माणसाला स्पष्ट सांगावं की टेप लावलेली चिप नीट जपली तर सुरतेला जाऊनही भरता येईल, पण तापल्या काचेत अर्धवट भरलेली चिप पुन्हा उघडून भरता येत नाही. बहुतेक जण ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांचं काम सोडलेलं परवडतं.

काचेचं तापमान उतरवायचं कसं

कारण काहीही असो, काचेवर पाणी ओतायचं नाही. तापलेल्या ग्लासात गार पाणी ओतलं की तो तडकतो, तेच इथे होतं. बाहेरची बाजू क्षणात आकसते, फूट बाहेरच्याच काचेत असते आणि ओढ नेमकी तिच्यावर येते. शिवाय फुटीत पाणी शिरतं. ओलं फडकंही नको, स्पिरिटचा भरपूर फवाराही नको, उडून जाताना तोही काच झपकन गार करतो.

एसीचा झोत काचेकडे लावून काच गार करायची ही दुसरी सवय. झोत लागतो तिथली पट्टी गार होते, बाकी काच तापलेलीच राहते, आणि वर सांगितलेली ओढ तयार होते. इंजिन बंद करा. गाडी नुकतीच चालून आली असेल तर बॉनेटखालची धग वायपरच्या पट्टीतून वर येत राहते, ती ओसरू द्या. चारही दारं उघडा, डॅशबोर्ड झाका, सावलीत उभी करा. घाई असेल तर साधा टेबल फॅन लांबून, सगळ्या काचेवर वारा फिरेल असा ठेवा. मोजत राहा. मध्य आणि कोपरा यांच्यातला फरक पाच-सहा अंशांत आला आणि आकडा चाळिशीच्या खाली उतरला की किट उघडायचं.

किटही तापतं

हे लोक विसरतात. व्हॅनच्या मागे बंद पेटीत रेझिन दिवसभर शिजत असतं आणि उन्हात ठेवलेला धातूचा इंजेक्टर हाताला चटका देतो. काच अडतीसवर आणली आणि पन्नास अंशांचा इंजेक्टर तिच्यावर ठेवला तर केलेली मेहनत त्याच जागी वाया जाते. बाटल्या, सिरिंज, इंजेक्टर एका बंद थर्माकोलच्या पेटीत ठेवा, पेटीत कापडात गुंडाळलेली गार पाण्याची बाटली. बर्फ थेट नको, फार गार झालेल्या धातूवर दव धरतं. उन्हाळ्यासाठी थोडं दाट रेझिन मिळतं, ते वेगळं ठेवा. बाटलीचं झाकण दिव्याजवळ उघडं ठेवू नका.

शेवटी वरचा खड्डा भरताना त्यावर पारदर्शक चकती दाबायची विसरू नका, कारण हवेतला ऑक्सिजन लागला तर वरचा थर चिकटच राहतो आणि नंतर धूळ धरून पिवळा दिसतो. "दिवा कशाला, ऊन आहे की," हा मोह टाळा. ऊन रेझिन घट्ट करतं हे खरं, पण त्यासाठी काच परत उन्हात ठेवावी लागते. सावलीतच दिवा, बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत. मगच वर उरलेलं रेझिन ब्लेडने खरवडा.

काम झाल्यावर गाडी लगेच चालवता येते. त्या दिवशी मात्र एसी हळूहळू वाढवायचा, झोत काचेकडे नको, आणि उन्हातून आल्या आल्या गाडी धुवायची नाही.

तडा कामातच सरकला तर

आधी इंजेक्टरचा दाब सोडा, पूर्ण काढू नका. काही मिनिटं हात लावू नका. सावलीत कुठे उन्हाची कड आली आहे का ते बघा, बहुतेक वेळा तिथेच कारण सापडतं. कड झाका, काच परत मोजा, सारखी झाली की कमी दाबाने नव्या टोकापर्यंत भरा. तडा काचेच्या कडेपर्यंत पोचला असेल, ड्रायव्हरच्या नजरेसमोर आला असेल किंवा आतल्या काचेलाही गेला असेल तर भरायचा हट्ट सोडा आणि काच बदलायला सांगा.

आणि काच बदलताना उन्हाळ्याचा एक उलटा नियम ध्यानात ठेवा. काच चिकटवायचं युरेथेन ओलाव्याने घट्ट होतं. "एवढ्या उन्हात लगेच सुकेल," असं गाडीवाले म्हणतात, पण खान्देशात मेच्या दुपारी हवा कोरडी ठक्क असते. वर साय धरली तरी आतला थर मऊ राहतो. नळीवर गाडी हलवण्याआधी थांबायची वेळ तापमान आणि आर्द्रता दोन्ही धरून दिलेली असते. कोरड्या दुपारी आर्द्रतेचा रकाना बघून वेळ ठरवा, आणि गाडीवाला कितीही घाई करो, तोवर किल्ली त्याच्या हातात देऊ नका.